गोचीड तापाचा जंतू पांढऱ्या पेशीत कसा राहतो?

शिवरात्रीला आपल्यापैकी काही मंडळी कोकणात वेळणेश्वरच्या देवाला जातात. तिकडची बुटकी गाय (२०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने तिची नोंद झाली) अंगावर गोचिडी घेऊनही ठणठणीत दिसते. आपली होल्स्टीन मात्र चार दिवसांत आडवी होते. असे का, हा प्रश्न गोठ्यावर नेहमी निघतो.

या तापाचा जंतू थायलेरिया, मलेरियाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. गोचिडीच्या लाळेतून तो गाईच्या अंगात जातो नि थेट पांढऱ्या पेशीत शिरतो. म्हणजे राखणदाराच्याच घरात! एरवी ही पेशी आत आलेल्या जंतूला पिशवीत कोंडते आणि पाचक रस सोडून जिरवते. थायलेरिया शिरताच भोवतालचे वेष्टण विरघळवून मोकळा होतो. रस राहतात पिशव्यांत, हा बाहेर.

पुढचे तर नवलच. तो पेशीला मरू देत नाही. उलट कर्करोगात होते तशी सारखी दुभागायला लावतो. दुभागताना गुणसूत्रे ओढून वाटणारे जे धागे असतात, त्यांनाच तो चिकटतो आणि दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला येतो. बाहेर यायची गरजच नाही, मग रक्तातली प्रतिद्रव्ये त्याला गाठणार कशी? खांद्यापुढची गाठ सुजते ती याच वाढीने. नंतर तो तांबड्या पेशींत उतरतो आणि गाय पांढरीफटक पडते.

देशी जनावराला लागण होत नाही असे मुळीच नाही. साहिवाल वासरांवरच्या प्रयोगांत त्यांनाही ताप आला, पण सौम्य, ती सावरली.

संकरित गाईला १०४ च्या वर ताप, गाठ सुजलेली, दूध आटलेले दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. नेहमीच्या तापाच्या सुईवर दोन दिवस घालवणे आम्हाला सर्वांत महागात पडणारी काटकसर वाटते. बुपार्व्हाक्वोन हे औषध पेशीतल्या जंतूला मारते, पण रक्त फार उतरल्यावर नुसत्या औषधाने भागत नाही. लसही आहे. लागण झालेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत वाढवत जंतूचा जोर घालवून ती करतात. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून आधी चौकशी करावी.

आणि फवारा फक्त गाईवर नको. ही गोचीड अंगावरून गळून गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत कात टाकते. उन्हाळ्याआधी त्या भेगा सिमेंटने बुजवून घ्याव्यात.