अनुदान बसवण्याचं, गरम पाण्याचं नव्हे

छतावर सौर बंब बसवायचा विचार चालला असेल, तर माझं पहिलं सांगणं असं की अनुदानाचा आकडा हिशेबाच्या शेवटी मांडा, आरंभी नको. सरकार पैसे देतं ते बहुधा संच बसवल्याबद्दल. तो दहा वर्षं पाणी तापवतो की नाही, हे बघायला क्वचितच कुणी येतं. अमेरिकेने याची किंमत मोजली आहे. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिथे घरगुती सौर तापकांना करसवलत मिळू लागली आणि पुढे ती खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत गेली. सवलतीच्या जोरावर विक्रेते उगवले, कच्च्या कामाचे कितीतरी संच छपरांवर चढले. १९८५ अखेर सवलत संपली, तेलही स्वस्त झालं, तेव्हा अनेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. गळकी टाकी दुरुस्त कुणाकडून करून घ्यायची, हा प्रश्न मात्र घरमालकाच्या गळ्यात राहिला.

आपल्याकडे सौर बंबावरचं केंद्राचं भांडवली अनुदान २०१४ मध्येच थांबलं. सध्या गाजते ती २०२४ ची पीएम सूर्यघर योजना. तिच्यातले कमाल ७८ हजार रुपये विजेच्या पॅनेलसाठी आहेत, बंबासाठी नाहीत. शिवाय ते संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात जमा होतात. विक्रेता दोन्हींची सरमिसळ करू लागला, तर योजनेचं नाव लेखी मागावं.

मग पॅनेलच लावून त्यावर गिझर का चालवू नये, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. शंभर लिटर पाणी १५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण चार युनिट लागतात. तेवढी वीज रोज मिळवायला एक किलोवॉटचे पॅनेल, म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट गच्ची लागते. बंबाचं तेच काम वीस-पंचवीस चौरस फुटांत भागतं. स्वतःची मोकळी गच्ची असेल तर पॅनेल खुशाल लावावेत. सोसायटीत, जिथे एका गच्चीवर वीस बिऱ्हाडांचा हक्क असतो, तिथे मला बंबच शहाणपणाचा वाटतो.

अनुदान नसेल तर मध्यमवर्गाला हे परवडणार कसं, हा आक्षेप मला मान्य आहे. माझा विरोध मदतीला नाही, एकरकमी मदतीला आहे. पुणे महापालिका सौर यंत्रणेसाठी मिळकतकरात सवलत देते, ती मला जास्त पटते. दरवर्षी मिळणारी आणि यंत्रणा चालू असण्याशी बांधलेली सवलत मालकाला बंबाकडे लक्ष द्यायला लावते.

आणि लक्ष द्यावंच लागतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत साचतात आणि पाणी दरवर्षी थोडं थोडं कोमट येऊ लागतं. अशा पाण्याला उष्णता विनिमयक असलेला, नाहीतर काचेच्या नळ्यांचा संच घ्यावा. काचेची नळी फुटली तर तेवढी एकच बदलता येते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप लांब आणि उघडा असला, तर सकाळी बादलीभर गार पाणी आधी वाहून जातं. म्हणून पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवायला सांगावा. त्याच कागदावर हमीची मुदत संपल्यानंतरचा दुरुस्तीचा दरही लिहून घ्यावा, आणि तो लिहून द्यायला जो कां कूं करेल त्याच्याकडून बंब घेऊ नये, मग तो कितीही सवलत मिळवून देत असो.