चौसोपी घराच्या छपराची गळती

केरळातील जुनी ‘नालुकेट्टु’ घरे मोकळ्या अंगणाभोवती चार सोपे घालून बांधलेली असतात. महाराष्ट्रातील चौसोपी वाड्याशी त्यांचे साम्य सहज ध्यानात येते. चारही सोप्यांची छपरे अंगणाकडे उतरतात आणि अंगणाच्या प्रत्येक कोपऱ्याकडे, दोन उतार जेथे मिळतात तेथे, एक घळ तयार होते. या घळीतील पन्हळ हा छपराचा सर्वांत दुबळा भाग होय.

याचे कारण उघड आहे. १ चौरस मीटर जागेवर १ सेंटिमीटर पाऊस पडला, म्हणजे १० लिटर पाणी जमते. ४० चौरस मीटर जागेवरील पाणी एका पन्हळीत येत असेल, तर तेवढ्याच पावसात तिला ४०० लिटर पाणी वाहून न्यावे लागते. पालापाचोळा अडकला की हे पाणी तुंबते, कडेच्या कौलांखाली शिरते आणि पन्हळीखालच्या वाशाला लागते. दोन्ही उतारांचा भार याच वाशावर असतो. तो कुजला तर छपराचा सारा कोपरा खचतो.

गळतीचे मूळ शोधताना एक गोष्ट विसरू नये. थेंब जेथे पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी वाशावरून बरेच अंतर ओघळत येते. म्हणून ओल्या डागापासून वर वर शोध घ्यावा. एकाने छपरावर पाणी ओतावे, दुसऱ्याने माळ्यावरून पाहावे. पाणी प्रथम खालच्या भागावर ओतून क्रमाक्रमाने वर जावे. असे केले म्हणजे दोष नेमका सापडतो.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. ही मंगलोरी कौले खाचांनी परस्परांत अडकतात; त्यामुळे फुटलेले कौल तेवढे बदलता येते. पन्हळ गळत असल्यास मात्र दोन्ही बाजूंची कौले उतरवावीत, वासा तपासावा, कुजला असल्यास बदलावा आणि मगच नवा पत्रा खालून वर बसवीत जावा. वरच्या पत्र्याची कड खालच्यावर आली पाहिजे.

पुष्कळ घरांत फटी सिमेंटने लिंपून टाकतात. सिमेंटला तडे जातात, त्यांतून शिरलेले पाणी आतच अडकते आणि लाकूड न दिसता कुजत राहते. थेंब थांबले तरी घर वाचतेच असे नाही. केरळात जूनच्या आरंभी पाऊस येतो. त्यापूर्वी दरवर्षी पन्हळी झाडून वासे पाहणे, हाच खरा उपाय होय.