बंदुकीचा आवाज आणि राखणदाराचे कान

मावळ तालुक्यात शिरगावसारख्या गावी भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. लोंब्या भरू लागल्या म्हणजे रात्रीची राखण आली. वस्ती शेतातच असेल, तर घराचीही काळजी असते. नळीला आवाज दाबणारे साधन जोडल्यास कान वाचतील, असे परवान्याची छऱ्याची बंदूक बाळगणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. या समजुतीचा येथे विचार केला आहे.

साधनाचे कार्य : पाणी उपसण्याच्या इंजिनाचा सायलेन्सर व हे साधन यांचे तत्त्व एकच. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली त्याचे पेटंट मिळविले. बार होताच नळीतून सुटणारा तप्त वायू साधनाच्या कप्प्यांत पसरतो, निवतो व सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे आवाज सुमारे २० ते ३० डेसिबलांनी उतरतो. परंतु मूळ आवाजच १५० ते १६५ डेसिबल असल्याने बार मुका होत नाही. शिवाय नळी लांब व तोंडाशी जड होऊन घरात वळविणे अवघड जाते.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार आवाज दाबणारे साधन हे स्वतःच अग्निशस्त्र ठरते. बंदुकीच्या परवान्यात ते येत नाही. विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. घरी बनविलेले साधन तर जिवावरही बेतू शकते.

कानांचे रक्षण : १४० डेसिबलांवरील एकच बार श्रवणशक्ती कायमची अधू करू शकतो. कानाच्या आतील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. कापूस पुरेसा नाही. फोमचे बोळे नीट बसविल्यास आवाज जवळजवळ तितकाच कमी होतो, आणि तेही अल्प खर्चात.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) बोळे बंदुकीजवळच ठेवावेत.

(२) चाहुलीवर वा सावलीवर बार काढू नये. तेथे शेजारचा राखणदार असू शकतो.

(३) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून रानडुक्कर मारू नये.

(४) पिकाची नासाडी झाल्यास भरपाईसाठी वनखात्याकडे त्वरित अर्ज करावा.

(५) बंदूक रिकामी करून, काडतुसे वेगळी, कुलुपात ठेवावीत.

पीक पुढील हंगामी पुन्हा येते. गेलेले कान येत नाहीत.