एका बसमध्ये दोन मालकांची माणसं

प्रश्न : मी रोज विजेच्या बसने कामाला जाते. कंडक्टर पीएमपीचे, पण ड्रायव्हर ठेकेदाराकडचे, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. एकाच गाडीवर दोन मालकांची माणसं कशासाठी?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमचं तिकीट आणि गाडीचा खर्च यांची गाठ मुद्दाम सोडवून ठेवली आहे, म्हणून.

विजेची बारा मीटर लांबीची वातानुकूलित बस कोटीच्या घरात जाते. डिझेलच्या साध्या बसच्या दुपटीहून जास्त. शिवाय चार्जिंगची सोय असलेला डेपो हवा आणि काही वर्षांनी नवी बॅटरी. इतका पैसा एकदम काढणं पीएमपीसारख्या बहुतेक परिवहन उपक्रमांना झेपत नाही. म्हणून बस ठेकेदाराची, ड्रायव्हर आणि दुरुस्ती त्याचीच. उपक्रम त्याला गाडी धावेल त्या किलोमीटरमागे ठरलेला दर देतो. मार्ग, वेळापत्रक, भाडं मात्र उपक्रम ठरवतो. तिकिटाचा पैसा उपक्रमाचा, म्हणून तो गोळा करणारा कंडक्टरही उपक्रमाचा.

मला ही पद्धत पटते ती एका कारणासाठी. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, कारण चालकाचं पोट तिकिटावर असतं. ठेकेदाराचंही तसंच असतं तर दुपारची रिकामी फेरी आणि शहराच्या टोकाच्या वस्तीची फेरी सगळ्यांत आधी बंद पडली असती. किलोमीटरवर पैसे मिळतात तेव्हा गाडीत पाच जण असोत की पन्नास, ती सुटते. पासाची सवलत कुणाला द्यायची हेही ठेकेदाराला विचारावं लागत नाही.

किलोमीटरचा दर आणि तिकिटाचं उत्पन्न यांत तूट येतेच. तुमच्याकडे ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. लहान शहरांना हे जमत नाही, आणि इथेच राष्ट्रीय धोरणाचं खरं काम सुरू होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम ई-बस सेवा’ मंजूर केली : १०,००० बस, ५७,६१३ कोटींचा खर्च, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. पैसा गाडी विकत घ्यायला न देता ती धावण्यासाठी दिला जातो. मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, दहा वर्षं. संघटित बससेवाच नाही अशा शहरांना प्राधान्य आहे.

तरी ठेकेदार कचरत होते. बिलं थकतात, हा त्यांचा जुना अनुभव. त्यावर २०२४ मध्ये ३,४३५ कोटींचा हमीनिधी उभा राहिला. उपक्रमाने पैसे थकवले तर या निधीतून बिल चुकतं होतं आणि नंतर रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याच्या खात्यातून ती रक्कम वळती होते. कागदावर रुक्ष वाटणारी ही तरतूद मला साऱ्या योजनेचा कणा वाटते. वसुलीची खात्री नसली की बोली लावणारा जोखमीची किंमत दरात मिसळतो, आणि तो चढा दर शेवटी शहराच्या माथी बसतो.

एवढा खर्च करून धूर खरंच कमी होतो का, याचं उत्तर सोपं आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, पण रस्त्यावरचा धूर जातो. आणि दुचाकीवाला बसमध्ये बसला तर फायदा त्याहून मोठा.

ठेक्याच्या या पद्धतीत एक उणीव आहे, ती मला सलते. किलोमीटरवर बिल निघतं, तेव्हा थांब्यावर जास्त वेळ थांबण्यात ठेकेदाराचा काही लाभ नसतो. लो-फ्लोअर बसची फरशी जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर असते, दाराशी व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो. पण तो उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं ड्रायव्हरला द्यावीशी वाटली पाहिजेत. पायरी चढवेना म्हणून माझ्या आईने सत्तरीत बस सोडली. ती दोन मिनिटं तिला कधी मिळालीच नाहीत. ड्रायव्हरचा पगारही त्याच दरात दडलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत भाडेतत्त्वावरच्या बसच्या चालकांनी पगारवाढीसाठी काम थांबवलं, तेव्हा थांब्यांवर प्रवासी ताटकळले. दर पाडून घेतला की त्याची झळ आधी ड्रायव्हरच्या खुर्चीला लागते.

ठेक्याच्या अटींत थांबा चुकवणं, रॅम्प बंद असणं यांसाठी दंड असतो आणि तो ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो. तेव्हा असं काही दिसलं तर गाडीचा क्रमांक, थांबा आणि वेळ टिपून तक्रार पीएमपीकडे करा. बिल तिथेच तपासलं जातं.