छातीवरचे अक्षर

खेळाडूंच्या जर्सीवर छातीशी मोठे, जाड अक्षर तुम्ही पाहिले असेल. पाठीवर तसाच जाड आकडा असतो. या अक्षरांचे कोपरे तिरपे कापलेले असतात. इंग्रजी 'ओ'सुद्धा गोल नसतो. त्याला आठ बाजू असतात. ही अक्षरे अशी का, याचा कधी विचार केलात?

ही कथा अमेरिकेतली आहे. १८६५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने आपल्या सदऱ्यांवर 'एच' हे अक्षर शिवून घेतले. ते जुन्या वळणाचे, नक्षीदार होते. पण सदरा सर्वांनाच जवळ ठेवता येत नसे. महत्त्वाच्या सामन्यात न खेळलेल्या खेळाडूला तो परत करावा लागे. पुढे ही रीत इतर महाविद्यालयांत व शाळांतही पसरली. छातीवरचे अक्षर हा मान झाला.

हळूहळू नक्षी गेली आणि साधे, ठसठशीत अक्षर रूढ झाले. ते फेल्टमधून, म्हणजे नमद्यातून कापून सदऱ्यावर शिवत. जाड नमद्यात कात्री गोल फिरवणे कठीण. सरळ कापणे सोपे. सरळ काठ शिवणेही सोपे. म्हणून गोलाईच्या जागी तिरपे कोपरे आले.

आता तुमच्या उर्दूचे नस्तालीक वळण आठवा. बोरूचे टोक तिरपे कापतात, म्हणून एकाच फटकाऱ्यात रेघ कुठे जाड, कुठे बारीक उमटते. तिथे बोरूने अक्षराला रूप दिले, इथे कात्रीने.

अक्षर जाड असण्याचे कारण सोपे आहे. प्रेक्षक दूर बसतात. त्यांना खेळाडू ओळखता आला पाहिजे. १९२९ साली न्यूयॉर्क यांकीज संघाने फलंदाजीच्या क्रमाने पाठीवर आकडे लावले. तिसरा येणारा बेब रूथ ३ झाला आणि चौथा लू गेरिग ४. कसोटी क्रिकेटमध्ये मात्र असे आकडे यायला २०१९ साल उजाडले.

आज संगणकावर या अक्षरांचे तयार फाँट मिळतात. कात्री नाही, नमदाही नाही; तरी तिरपे कोपरे तसेच राहिले आहेत. असे अक्षर छापलेला टी-शर्ट आज कोणीही विकत घेऊ शकतो. पण हार्वर्डच्या त्या खेळाडूंना अक्षर विकत मिळत नव्हते. ते मैदानावर कमवावे लागे. शाळेच्या संघाची जर्सी अंगात घालाल, तेव्हा हे आठवा.

शब्दार्थ
ठसठशीत – ठळक, स्पष्ट
रूढ होणे – प्रचारात येणे
बोरू – कलम
काठ – कडा, किनार

स्वाध्याय
१. सदरा कोणाला परत करावा लागे?
२. कारण लिहा : या अक्षरांना गोलाई नसते.
३. जाड कागदातून आपल्या नावाचे पहिले अक्षर फक्त सरळ रेषांत कापा.