‘सॉरियन’ : एका विशेषणाची कथा

बागेच्या कुंपणावर मान डोलावीत बसलेला सरडा तुम्ही पाहिला असेल. घराच्या भिंतीवरची पाल, माळावरच्या बिळात राहणारी घोरपड आणि गवतातून सुळकन निघून जाणारी सापसुरळी ही सारी त्याचीच भावंडे होत. आपल्या पूर्वजांनी प्रत्येकीस निरनिराळे नाव दिले. परंतु या सर्वांत जे समान आहे, ते एका शब्दात कसे सांगावे? शास्त्रज्ञांना ही अडचण पडली, तेव्हा त्यांनी एक विशेषण योजिले. ते म्हणजे ‘सॉरियन’.

ग्रीक भाषेत सरड्याला ‘सॉरोस’ म्हणतात. त्यावरून हा शब्द आला. इ. स. 1800 मध्ये ब्रॉन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सरपटणाऱ्या प्राण्यांचे चार गण पाडले आणि त्यांपैकी एकास हे नाव दिले. त्याने या गणात सरड्यांबरोबर मगरींनाही बसविले. दोघांचे लांबट अंग, खवले आणि शेपूट पाहता ते त्याला योग्य वाटले असेल. पुढे मात्र असे दिसून आले, की मगरीचे नाते सरड्यापेक्षा पक्ष्यांशी अधिक जवळचे आहे. 

या विशेषणाच्या पोटात दोन अर्थ दडलेले आहेत. एक अर्थ नात्याचा, दुसरा साम्याचा. मराठीत ते वेगळे करून दाखविता येतात. संस्कृतात सरड्यास ‘सरट’ असे नाव आहे. त्यापासून ‘सरटवर्गीय’ आणि ‘सरटसदृश’ अशी दोन विशेषणे आपण बनवू शकतो. ‘सरटवर्गीय’ म्हणजे सरड्याच्या कुळातला; ‘सरटसदृश’ म्हणजे सरड्यासारखा दिसणारा. ‘घोरपड हा सरटवर्गीय प्राणी आहे,’ हे विधान बरोबर आहे. ‘मगरीचे अंग सरटसदृश आहे,’ हेही बरोबर आहे. परंतु ‘मगर हा सरटवर्गीय प्राणी आहे,’ असे म्हटले, की चूक झाली. दिसणे निराळे आणि असणे निराळे!

हा भेद न राखल्यास मोठमोठे विद्वानही फसतात. इ. स. 1834 मध्ये अमेरिकेतील रिचर्ड हार्लन याने एका अवाढव्य प्राण्याच्या अश्मीभूत मणक्यांना ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे ‘सरड्यांचा राजा’, असे नाव दिले. पाच वर्षांनी रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या प्राण्याचे दात तपासले. त्याच्या दाढांना दोन-दोन मुळे होती, आणि हे लक्षण सस्तन प्राण्यांचे! तो ‘राजा’ सरडा नव्हताच. तो प्राचीन काळचा देवमासा होता. ओवेनने नवे नाव सुचविले. पण प्रथम दिलेले नाव कायम राहावे, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून हा देवमासा आजही सरड्याचे नाव मिरवीत आहे.

ज्या ओवेनने दुसऱ्याची चूक दाखविली, त्यानेच 1842 साली ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ केला. त्याचा शब्दशः अर्थ ‘भयंकर सरडा’ असा होतो. वास्तविक डायनोसॉर सरटवर्गीय नव्हते. सरड्याचे पाय अंगाच्या दोन्ही बाजूंस फाकलेले असतात. डायनोसॉरचे पाय खांबांप्रमाणे अंगाखाली सरळ उभे असत. आपल्या देशात प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात अशा एका प्रचंड प्राण्याची हाडे सापडली. 1975 साली त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेविले गेले. ‘बडो पा’, म्हणजे मोठा पाय, हे बंगाली शब्द. ‘सॉरस’ हा ग्रीक शब्द. आणि शेवटी कवी रवींद्रनाथ टागोरांचे स्मरण! नावात सरडा आला, तरी प्राणी मात्र सरडा नव्हे.

नावावरून निवाडा करण्याची ही सवय केवळ विद्वानांपुरती नाही. बिचाऱ्या सापसुरळीच्या नावात ‘साप’ आहे, एवढ्यावरून लोक तिला विषारी समजतात आणि दिसताच काठी उगारतात. तिला चार पाय आहेत, विष मुळीच नाही आणि ती किडे खाऊन आपल्यावर उपकारच करते. पण एका शब्दापायी तिचा जीव जातो.

म्हणून मुलांनो, शब्दाची व्युत्पत्ती अवश्य जाणून घ्या. शब्द कोठून आला, हे तिच्यावरून कळते. पण वस्तू कशी आहे, हे वस्तूकडे पाहूनच कळते. आता कुंपणावर सरड्याशेजारी एखादी चिमणी येऊन बसली, तर दोघांकडे नीट पाहा. पक्षी हे डायनोसॉरचे वंशज आहेत, असे आज शास्त्र सांगते. तेव्हा त्या ‘भयंकर सरड्यां’चे खरे नातेवाईक त्या सरड्याच्या नव्हे, तर चिमणीच्या घरी आहेत!

स्वाध्याय

1. ‘सरटवर्गीय’ व ‘सरटसदृश’ या विशेषणांतील भेद सांगा.
2. कंसातील योग्य शब्द निवडा : सापसुरळी हा ...... प्राणी आहे. (सरटवर्गीय, सर्पवर्गीय)
3. बॅसिलोसॉरस हा सरडा नव्हे, हे ओवेनने कशावरून ओळखले?
4. ‘वर्गीय’ आणि ‘सदृश’ हे शब्द जोडून प्रत्येकी तीन विशेषणे बनवा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.