प्रबंध लिहिणाऱ्या भाचीस

महाळुंगे इंगळे, ता. खेड, जि. पुणे



तुझ्या प्रबंधाचा आराखडा पोचला. ‘औद्योगिकीकरण आणि ग्रामजीवन’ हा विषय तू घेतलास, आणि चाकणच्या पट्ट्यात वाढलेल्या, आपल्याच शिवारात कारखान्यांची कुंपणे उभी राहताना पाहिलेल्या मुलीला तो सुचावा यात नवल नाही. परंतु ज्या विषयाला एखाद्या विद्वानाचे आयुष्य अपुरे पडावे तो तू वर्षभरात आटोपू पाहतेस, आणि त्यामुळे आराखड्यातली बहुतेक विधाने खरी असूनही त्यांतले एकही तुझे स्वतःचे झालेले नाही, हे मोकळेपणाने सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. संशोधनपर लेखनात माझ्या मते एकच गोष्ट मुळाशी आहे: तू ज्या वाटेने निष्कर्षाला पोचलीस त्याच वाटेने वाचकाला उलट चालत मूळ पुराव्यापर्यंत जाता आले पाहिजे. बाकीचे सारे नियम या एका नियमाच्या पोटात येतात.

याचा उत्तम दाखला आपल्या परिसरातच आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आज पिंपरी-चिंचवड शहरात विरून गेलेल्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची पाहणी केली आणि १९१७ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती, मजुरी किती, हे त्यांनी घरोघर आणि शेतोशेत विचारले. कागदांच्या आधारे ते १७७१ सालापर्यंत मागे गेले, आणि त्या साली सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १८१८ साली साडेसतरा एकरांवर व १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखवले. हे आकडे पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून फिरले; परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे पुढचे पाऊल. पिंपळे सौदागर पुण्याच्या आणि खडकीच्या इतके जवळ, की तिथली माणसे कामाला बाहेर जात; अशा गावावरून साऱ्या दख्खनविषयी बोलणे धाडसाचे ठरेल, हे ओळखून त्यांनी नारायण कानिटकरांच्या सहकार्याने शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या दूरच्या, कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी केली व ती १९२१ साली प्रसिद्ध केली. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा कसोटीला लावण्याची ही वृत्ती अंगी बाणली, तर तुझ्या पदवीचे सार्थक झाले असे मी समजेन.

तेव्हा विषय लहान कर. एक भावकी किंवा एक वाडी घे, भूसंपादनाच्या अलीकडची-पलीकडची मिळून वीस वर्षे घे, आणि तलाठी-दफ्तरात जाऊन बस. तिथून सातबाऱ्याची आजची नक्कल आणून भागणार नाही. तिच्यावर आजचा मालक दिसतो, तो मालक कसा झाला हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, असते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला आढळेल आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक; त्या क्रमांकाचा माग धरून नोंदवही उघडलीस, की तो बदल वारसाने झाला, वाटणीने झाला, खरेदीखताने झाला की संपादनाने, हे कळेल. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, कधी कुळाचे नाव असते, आणि पुष्कळदा बहिणींची नावे असतात, जी पुढे एखाद्या हक्कसोडपत्राने कमी केली जातात. तिथे थांब आणि तारीख पाहा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतका वाटा दिला. मग ज्या भावकीची जमीन कारखान्यांसाठी गेली तिथे बहिणींची नावे मोबदल्याच्या आधी कमी झाली की नंतर, की झालीच नाहीत? हा प्रश्न तुझ्या आराखड्यातील साऱ्या प्रकरणांहून लहान आहे, परंतु त्याचे उत्तर अद्याप तुला ठाऊक नाही, ते तुझ्या अपेक्षेच्या उलट येऊ शकते, आणि ज्याच्या मनात शंका येईल त्याला तेच दफ्तर उघडून तुझे म्हणणे पडताळता येईल.

मात्र कागदावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. सातबारा हक्काची नोंद सांगतो, घरातला आग्रह आणि अबोला सांगत नाही. म्हणून त्या बहिणींना भेट, आधी त्यांची अनुमती घे, प्रबंधात त्यांची नावे झाक, आणि त्यांचे बोलणे त्याच संध्याकाळी लिहून काढ. वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढून डावीकडे त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत आणि उजवीकडे तुला जे वाटले ते लिही. या दोहोंची सरमिसळ झाली की महिन्याभराने कोणते कोणाचे हे तुलाही सांगता येणार नाही. प्रत्येक टिपणावर दफ्तराचे नाव, नोंदीचा क्रमांक, ग्रंथ असल्यास आवृत्ती व पृष्ठ, आणि तू ते पाहिल्याची तारीख असलीच पाहिजे. मोजमापाविषयीही सावध राहा: जुन्या कागदांत एकर व गुंठे येतील, ४० गुंठ्यांचा एक एकर, नव्यांत हेक्टर व आर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. हे रूपांतर न करता मॅनसाहेबांच्या आकड्यांशेजारी आपले आकडे मांडशील, तर सारी तुलना फुकट जाईल.

जो पुरावा तुझ्या निष्कर्षाविरुद्ध जातो त्याचे काय करावे, हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताकडून शिक. १९१९ साली आरंभलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली ती चिकित्सक आवृत्ती उघडून पाहिलीस, तर वर निश्चित केलेली संहिता आणि खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद दिसतील. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही आपल्या घराघरांत प्रिय असलेली कथा संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या मूळ संहितेत घेतली नाही, कारण हस्तलिखितांचा पुरावा तिच्या बाजूने नव्हता; तरी ती त्यांनी गाळून टाकली नाही, परिशिष्टात छापली. आपला निर्णय निःसंदिग्धपणे द्यावा, पण जे नाकारले ते वाचकासमोर ठेवावे, म्हणजे त्याला आपल्याशी मतभेद करण्याचा अधिकार उरतो. तुझ्या वाडीतील ज्या दोन-चार खात्यांची हकीकत तुझ्या सिद्धान्तात बसणार नाही, त्यांना स्वतंत्र परिच्छेद दे.

लेखनाला सामग्री पूर्ण होईपर्यंत थांबू नकोस. पहिल्या दहा खात्यांचे टिपण झाले की चार पाने लिही, कारण आपल्याला काय कळलेले नाही ते लिहू लागल्यावाचून उमगत नाही. परिच्छेदात एकच मुद्दा असावा आणि विधानापाठोपाठ त्याचा आधार यावा. उसने घेतलेले वाक्य अवतरणात, ज्याचे आहे त्याच्या नावानिशी दे. शब्द बदलून विचार तोच ठेवलास तरी ऋण तेवढेच राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी असलेल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून तुझ्या बरोबरीची मुले तेवढ्याचा हिशेब मांडत बसतात. तू त्या हिशेबात पडू नकोस. ते साम्य तपासणाऱ्या यंत्राला फक्त शब्द कळतात. ज्याचे श्रम त्याला श्रेय दिले की नाही, हे तुझे तुलाच पाहावे लागेल.

शेवटी एक आग्रह. प्रबंध मराठीत लिही वा इंग्रजीत, त्याचा मराठी सारांश आपल्या गावच्या वाचनालयात ठेव. ज्यांनी ट्रंकेच्या तळातून खरेदीखते काढून तुझ्यापुढे ठेवली आणि घरातल्या दुखऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यांना आपल्याविषयी काय लिहिले गेले हे वाचण्याचा आणि चुकले असेल तर तुला खडसावण्याचा हक्क आहे. विद्यापीठाचे परीक्षक दोन असतील. हे गावातले परीक्षक अधिक कठोर, कारण पुरावा त्यांच्या घरात आहे. ते समोर बसले आहेत असे धरून प्रत्येक वाक्य लिही.

पहिली चार पाने टिपणांच्या वहीसह माझ्याकडे पाठव.

तुझा मामा